येताना वीज घेऊन या

माझा चुलतभाऊ जुन्नर तालुक्यात शेती करतो. कांदा, थोडा ऊस, विहिरीवर पाच एचपीची मोटर. त्याच्या फीडरला थ्री फेज लाइट कधी असते हे तो घड्याळावर सांगत नाही, पाळीवर सांगतो. "या आठवड्यात रात्रीची आहे," असं म्हणाला की समजायचं: जेवून आठलाच पडायचं, मध्यरात्री गजर लावून उठायचं, कपाळाला बॅटरी बांधायची, हातात काठी घ्यायची आणि बिबट्यांच्या तालुक्यात उसाच्या कडेनं दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी वळवायला जायचं. स्टार्टर उडाला तर पुन्हा विहिरीपर्यंत फेरी. पहाटे घरी आला की वहिनी आधी त्याचे पाय निरखते, काही चावलंबिवलं नाही ना म्हणून.

मी ऐरोलीत राहतो. गच्चीवरून एमआयडीसीच्या बाजूला एक बिनखिडक्यांची उंच इमारत दिसते. वर शीतकरणाच्या यंत्रांची रांग, खाली डिझेल जनरेटरची रांग, फाटकावर आल्यागेल्याची तीनदा चौकशी. मे महिन्यात आणि डिसेंबरात, दुपारी दोनला आणि रात्री दोनला तिचा घुमणारा आवाज सारखाच. गेल्या दिवाळीत भाऊ आला तेव्हा त्यानं विचारलं, "ही कसली कंपनी?" मी म्हटलं, डेटा सेंटर. आपले फोटो, बँकेचे व्यवहार, आता ते एआय, सगळं अशा ठिकाणी चालतं. त्यानं जरा वेळ बघितलं आणि म्हणाला, "मग हिची पाळी कधी असते?"

मी हसलो. प्रश्न मात्र खरा होता, आणि त्याच्यावरच मला लिहायचंय.

आधी आकार समजून घेऊ. पूर्वी सर्व्हरच्या एका रॅकला, म्हणजे सर्व्हर रचलेल्या मांडणीला, पाच ते दहा किलोवॉट वीज लागायची. एआयसाठी एनव्हिडिया कंपनीच्या ७२ चिप्स एकत्र बसवलेलं आजचं एक रॅक सुमारे १२० किलोवॉट ओढतं. आकारानं ते घरातल्या लोखंडी कपाटाहून थोडंच मोठं. ते महिनाभर पूर्ण ताकदीनं चाललं तर ८७ हजारांवर युनिट होतात. महिन्याला शंभर युनिट जाळणारं घर धरलं, तर एका कपाटात साडेआठशेहून जास्त घरं मावली. शंभर मेगावॉटचं एक केंद्र सत्तर टक्के भारानं चाललं, तर महिन्याला पाच कोटी युनिट, म्हणजे पाच लाख घरं. आणि शंभर मेगावॉट हा आता मोठा आकडा राहिलेला नाही. गूगलनं ऑक्टोबर २०२५ मध्ये विशाखापट्टणमला जाहीर केलेला प्रकल्प एक हजार मेगावॉटच्या घरातला आहे.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या एप्रिल २०२५ च्या अहवालाप्रमाणे २०२४ साली जगातल्या सगळ्या डेटा सेंटरांनी मिळून सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वापराच्या दीड टक्का. २०३० पर्यंत हा वापर ९४५ अब्ज युनिटांच्या आसपास जाईल असा त्यांचा अंदाज आहे. जपान हा अख्खा देश आज वर्षाला जेवढी वीज वापरतो, त्याहून थोडी जास्तच.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. ३० मे २०२४ रोजी भारताची विजेची मागणी अडीच लाख मेगावॉटवर गेली होती. देशातल्या डेटा सेंटरांची क्षमता त्यापुढे दीड हजार मेगावॉटच्या आसपास. म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. तुमच्या-आमच्या एसींनी विजेची मागणी जेवढी वाढवली, तिच्यासमोर हे सर्व्हर अजून लहान पोरं आहेत. त्यामुळे "एआय देशाची वीज खाऊन टाकणार" असं ओरडणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही. अडचण देशाच्या बेरजेत दिसत नाही, ती एका ठिकाणी आणि एका वेळी दिसते.

ते ठिकाण आपलं आहे. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार इथंच, म्हणून देशातल्या डेटा सेंटरांच्या क्षमतेपैकी जवळपास निम्मी मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पनवेल या पट्ट्यात आहे. अ‍ॅमेझॉननं जानेवारी २०२५ मध्ये याच पट्ट्यासाठी ८.३ अब्ज डॉलरची गुंतवणूक जाहीर केली. आणि विजेच्या दृष्टीनं मुंबई म्हणजे एक अडचणीची गल्ली आहे. तीन बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूला खाडी, खारफुटी, डोंगर आणि दाटीवाटीची वस्ती. बाहेरून वीज आणायला तारांना वाटच नाही. खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी वर्षानुवर्षं कागदावर राहिली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. त्याआधी बरोबर तीन वर्षं, १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमारास, कळवा-पडघा भागातल्या वाहिन्या पडल्या आणि मुंबई बंद पडली. लोकल रुळांवर उभ्या, परीक्षा लांबणीवर, रुग्णालयांत धावपळ. इतकी वर्षं ज्या 'आयलँडिंग'चा, म्हणजे संकटात मुंबईनं बाकीच्या जाळ्यापासून सुटून स्वतःच्या विजेवर तग धरण्याच्या योजनेचा आपण अभिमान बाळगला, ती त्या दिवशी टिकली नाही.

मुंबईची उच्चतम मागणी चार हजार मेगावॉटच्या वर आहे. तिच्या उंबरठ्यावर शंभर-दोनशे मेगावॉटची गिऱ्हाईकं रांगेनं येऊन बसली, की देशाच्या हिशेबातला एक टक्का इथं एकदम जड होतो.

याचा पहिला परिणाम ट्रॉम्बेत दिसला. टाटा पॉवरच्या तिथल्या केंद्रात कोळशावरचे दोन संच आहेत, एक ५०० मेगावॉटचा, १९८४ सालचा, आणि दुसरा २५० मेगावॉटचा. ते बंद करायचं बोलणं होतं. बंद होण्याऐवजी त्यांना मुदतवाढ मिळाली, आणि वाढत्या मागणीच्या कारणांत डेटा सेंटरांचं नाव होतं. फक्त त्यांच्यामुळेच धुराडं पेटतं राहिलं असं मी म्हणणार नाही, मुंबईच्या आत काही वीज तयार व्हायलाच हवी हेही खरं आहे. पण धुराड्याच्या सावलीत माहुल आहे. शहरातल्या प्रकल्पांसाठी झोपड्या तोडून माणसं जिथं नेऊन टाकली ते माहुल. तिथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये म्हटलं. २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं की कुणाला तिथं राहायला भाग पाडू नका, त्यापेक्षा भाडं द्या. ते प्रदूषण मुख्यतः तेलशुद्धीकरण आणि रसायनांच्या साठ्यांचं होतं, वीज केंद्राच्या एकट्याच्या माथी ते मारता येणार नाही. पण आधीच कोंडलेल्या श्वासावर आणखी काही वर्षांचा कोळसा ठेवायचा तर तो कुणासाठी, हे विचारायला हरकत नसावी.

मुंबईच्या विजेचा भार कुठल्या तरी न दिसणाऱ्या माणसानं उचलायचा, ही रीत शंभर वर्षं जुनी आहे. गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटांनी मुळशीला धरण बांधायला घेतलं आणि १९२१ च्या रामनवमीला मावळे 'जान किंवा जमीन' म्हणत त्या जागेवर बसले. पांडुरंग महादेव बापट तिथंच सेनापती झाले. बावन्न गावांचं ते खोरं पाण्याखाली गेलं. पाणी सह्याद्रीवरून भिऱ्याच्या वीजघरात पडलं, वीज मुंबईला आली. पुढे कोयना. पुढे चंद्रपूर: तिथं कोळसा जळतो, राख आणि उन्हाळा तिथल्या लोकांना, आणि १९९९ पासून ७५२ किलोमीटर लांबीच्या उच्चदाब वाहिनीवरून दीड हजार मेगावॉटपर्यंत वीज थेट पडघ्याला उतरवता येते. गिरण्या असोत की सर्व्हर, वाहिनीची दिशा बदललेली नाही. बदल एकच: गिरणीत अडीच लाख माणसं कामाला होती. आत्ताच्या या गिरणीत काही शे असतात, आणि त्यातले बरेच सुरक्षारक्षक.

कंपन्या यावर सांगतात की आम्ही शंभर टक्के हरित वीज वापरतो. हे वाक्य जरा उलगडून बघायला हवं, कारण त्यात खोटं काही नसतं आणि तरी फसगत होते. कंपनी सोलापूर किंवा राजस्थानकडच्या सौर प्रकल्पाशी करार करते. वर्षभरात केंद्रानं जेवढी युनिटं खाल्ली तेवढी तिकडे सूर्यानं बनवली, की हिशेब जुळला. काही बंधनांसह महिन्याभरापुरतं 'बँकिंग' करता येतं, म्हणजे दुपारी जमा केलेली वीज नंतर काढता येते. पण वीज ही काही धान्य नव्हे की कणगीत टाकली आणि गरजेला काढली. दुपारी एक वाजता सगळेच सूर्य जमा करत असतात, तेव्हा तिला फार भाव नसतो. रात्री दोनला माझ्या गच्चीसमोरची ती इमारत जी वीज ओढते, ती मुख्यतः कोळशाची असते, करार काहीही म्हणो. देशातली जवळपास तीन चतुर्थांश वीज अजून कोळशातून येते आणि रात्री तर हा वाटा आणखी वाढतो. आमच्याकडे "एकादशी आणि दुप्पट खाशी" म्हणतात. इथं उलटं आहे: दुपारचा उपास वहीत दाखवून रात्रीचं जेवण.

आणि हे कंपन्यांना कळत नाही असं कुणी समजू नये. गूगलनं २०२० मध्येच तासागणिक हिशेब जुळवण्याचं, म्हणजे प्रत्येक तासाला तिथलीच कार्बनमुक्त वीज वापरण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं होतं. मायक्रोसॉफ्टनं २०२४ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडचा २०१९ मध्ये बंद झालेला ८३५ मेगावॉटचा अणुसंच पुन्हा चालू करून घेण्यासाठी वीस वर्षांचा करार केला. १९७९ चा अपघात झाला तो शेजारचा संच. सूर्याच्या वार्षिक बेरजेनं खरंच भागत असतं, तर ज्या नावानं अमेरिकेत अजून लोक दचकतात त्या दारात कोण गेलं असतं?

(अणुवीज हे आपल्याकडचं उत्तर आहे का? असेल, पण आपल्या हयातीत किती, हा प्रश्न आहे. जैतापूरच्या ९,९०० मेगावॉटची चर्चा ऐकत शाळेतली पोरं बाप झाली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं खासगी कंपन्यांना या क्षेत्राचं दार उघडलं, तरी अणुभट्टी काही सर्व्हरच्या वेगानं उभी राहत नाही. डेटा सेंटर दोन वर्षांत उभं राहतं.)

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. डेटा सेंटर यावीत. आपली माहिती आपल्या भूमीवर राहावी, मराठीत बोलणारं-समजणारं एआय इथल्या यंत्रांवर घडावं, असं मलाही वाटतं. पण ज्याला शंभर मेगावॉट हवेत त्यानं येताना वीज घेऊन यावं. कागदावरची नव्हे, तासातासाची. संध्याकाळी सहा ते रात्री बारा आणि पुढे पहाटेपर्यंत. सोबत बॅटरी आणावी, पंप्ड स्टोरेज आणावं. टाटांनी २०२३ मध्ये राज्याशी भिवपुरी आणि शिरवता इथं मिळून २,८०० मेगावॉटच्या पंप्ड स्टोरेजचा करार केलाच आहे: दुपारच्या स्वस्त सौर विजेनं पाणी वर चढवायचं, रात्री खाली सोडायचं. बॅटरीही आता चैनीची वस्तू नाही. मध्य प्रदेशात मुरैना इथं सौर अधिक बॅटरी अशा प्रकल्पाला २०२५ मध्ये युनिटला २ रुपये ७० पैसे दर आला. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळीही वीज देण्याच्या अटीसकट. पाच वर्षांपूर्वी "रात्री सूर्य कुठून आणू" हे रास्त उत्तर होतं. आज त्या उत्तराचा अर्थ एवढाच, की विक्रेता शोधलेला नाही.

दुसरी अट पैशाची, आणि ती सांगायला एन्रॉनची आठवण काढावीच लागेल. तरुण वाचकांसाठी थोडक्यात: १९९३ साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळानं एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ पॉवर कंपनीशी करार केला. मागणी प्रचंड वाढणार, राज्याला वीज कमी पडणार, असे तक्ते तेव्हा दाखवले गेले. करारात अट अशी की वीज उचला अगर न उचला, स्थिर आकार द्यावाच लागेल. १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज इतकी महाग पडू लागली की २००१ च्या मे महिन्यात मंडळानं ती घेणं थांबवलं आणि डिसेंबरात अमेरिकेतली एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. आपल्या हातात गुहागरचा बंद प्रकल्प आणि वर्षानुवर्षांची देणी राहिली.

आज पुन्हा तसेच तक्ते फिरताहेत. २०३० पर्यंत इतके हजार मेगावॉट, २०३५ पर्यंत तितके. कदाचित खरे ठरतील. कदाचित पुढची चिप दहावा हिस्सा वीज खाईल, कदाचित एआयचा फुगाच फुटेल, आणि ज्यांच्यासाठी उपकेंद्रं, वाहिन्या, वीज केंद्रं उभारली ते कुलूप लावून दुसऱ्या देशात जातील. वाहिनी मात्र चाळीस वर्षं उभी राहते आणि तिचा खर्च वहन आकार म्हणून तुमच्या-माझ्या बिलात येत राहतो. याचा धडा अमेरिकेत आत्ता गिरवला जातोय. तिथल्या तेरा राज्यांच्या पीजेएम या ग्रिडमध्ये, म्हणजे विजेच्या जाळ्यात, वीजक्षमतेचा, म्हणजे गरजेला वीज तयार ठेवण्याच्या हमीचा लिलाव होतो. एका वर्षी मेगावॉटला दिवसाला २९ डॉलर असलेला भाव पुढच्या लिलावात २७० वर गेला. बाजाराच्या निरीक्षकानं वाढीचं मोठं कारण म्हणून डेटा सेंटरांकडे बोट दाखवलं, आणि ज्यांच्या घराजवळ एकही डेटा सेंटर नाही अशांची बिलंही वाढली. आयर्लंडमध्ये डेटा सेंटरांचा विजेतला वाटा २०१५ मध्ये पाच टक्के होता. २०२३ मध्ये एकवीस झाला, शहरांतली सगळी घरं मिळून वापरतात त्याहून जास्त. त्याच काळात डब्लिन परिसरात नव्या जोडण्यांवर ग्रिडचालकांना हात आखडावा लागला.

ओहायो राज्यानं मात्र शहाणपणा केला. जुलै २०२५ मध्ये तिथल्या नियामक आयोगानं एईपी ओहायो या वीज कंपनीच्या हद्दीसाठी ठरवलं की नव्या मोठ्या डेटा सेंटरनं जेवढी वीज मागितली असेल, तिच्या किमान ८५ टक्क्यांचे पैसे बारा वर्षांपर्यंत भरायचे. वापरा अगर वापरू नका. वाचताना मला हसू आलं. ही तर एन्रॉनचीच अट! फरक इतकाच की दाभोळला ती आपल्याकडून लिहून घेतली होती आणि ओहायोनं ती गिऱ्हाइकाकडून लिहून घेतली. आपण आता तेच करावं. ज्याला खरंच वीज हवी आहे तो सही करेल. जो फक्त जागा अडवून ठेवायला पाच राज्यांत पाच अर्ज टाकून बसलाय, तो निघून जाईल, आणि मग खरी मागणी किती हेही एकदा कळेल.

यावर जाणकार एक आक्षेप घेतात, आणि तो दमदार आहे. ते म्हणतात, डेटा सेंटर हे महावितरणचं आदर्श गिऱ्हाईक आहे. दिवसरात्र सपाट भार, बिल वेळेवर, औद्योगिक दर. त्याच चढ्या दरातून तुमच्या भावाच्या कृषिपंपाची सवलत निघते. गिऱ्हाइकाला छळाल तर भावाचंच नुकसान. हे पूर्णपणे खरं असतं, जर ही गिऱ्हाईकं महावितरणकडे राहिली असती तर. पण २०२२ च्या केंद्राच्या हरित ओपन अ‍ॅक्सेस नियमांनी मोठ्या ग्राहकाला थेट बाहेरून वीज घेण्याची वाट सोपी केली आणि त्यावरच्या अधिभारांना आवर घातला. आंतरराज्य वहनाचे आकारही जून २०२५ पर्यंत सुरू झालेल्या सौर-पवन प्रकल्पांच्या विजेला माफ होते, म्हणजे ते इतरांनी भरले. त्यावर राज्याच्या धोरणातल्या वीजशुल्क आणि मुद्रांक शुल्काच्या सवलती. स्वस्त दुपारी बाहेरची वीज, अडचणीच्या तासाला महावितरण हाताशी, असा हा संसार आहे. आदर्श गिऱ्हाईक तो, जो उधारीच्या दिवशीही आपल्याच दुकानात येतो आणि रोखीच्याही.

"मग ते विशाखापट्टणमला जातील" हा दुसरा आक्षेप. काही जातील. जाऊ देत. ज्यांना मुंबईच्या बँकांच्या जवळ, वर्सोव्याच्या केबलच्या जवळ राहायचंय ते राहतील, आणि त्यांना सवलतीच्या चार पैशांपेक्षा दोन वर्षांत जोडणी नक्की मिळेल का याची जास्त चिंता असते. नियम कडक असला तरी स्पष्ट असेल तर धंदेवाला त्याचा हिशेब मांडू शकतो. राज्याराज्यांनी लिलावाच्या उलट दिशेनं, कोण जास्त फुकट देतो याची बोली लावणं हा मात्र तोट्याचा खेळ आहे, आणि तो आपण आधी मोटार कारखान्यांच्या वेळी खेळून झालो आहोत.

आता पुन्हा भावाच्या प्रश्नाकडे. ग्रिड खरं तर वर्षातले बहुतेक तास आरामात असतं. ते घामाघूम होतं ते मोजक्या तासांत, उन्हाळ्यातल्या संध्याकाळी वगैरे. सगळी नवी बांधणी त्या मोजक्या तासांसाठी करावी लागते. ड्यूक विद्यापीठाच्या अभ्यासकांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या ग्रिडचा हिशेब मांडला: नव्या मोठ्या ग्राहकांनी आपल्या वर्षभराच्या वापरातला केवळ पाव टक्का अडचणीच्या वेळी सोडायची तयारी दाखवली, तर आहे त्याच व्यवस्थेत सुमारे ७६ हजार मेगावॉट नवा भार सामावून घेता येईल. पाव टक्का! टेक्सासनं २०२५ मध्ये कायदाच केला की ७५ मेगावॉटच्या वरच्या नव्या ग्राहकांना आणीबाणीत भार कमी करायला लावता येईल. गूगलनं त्याच वर्षी अमेरिकेतल्याच इंडियाना आणि टेनेसीकडच्या दोन वीज कंपन्यांशी असा करार केला, की गर्दीच्या वेळी एआय प्रशिक्षणाचं काम मागे ढकलायचं. तांत्रिकदृष्ट्या ते जमतं. बँकेचा व्यवहार थांबवता येत नाही, रुग्णालयाचा सर्व्हर थांबवता येत नाही, हे मान्य. पण एखाद्या मॉडेलला महिनोन्‌महिने शिकवायचं काम दोन तास थांबलं तर जगाचं काही अडत नाही. तो अभ्यास पहाटे करता येतो.

विजेच्या क्षेत्रातले लोक याला 'लवचीक भार' म्हणतात आणि परिसंवादांत नवा शोध लागल्यासारखं बोलतात. मला गंमत वाटते. लवचीक भार आमच्या गावात चाळीस वर्षं आहे. त्याला आम्ही रात्रपाळी म्हणतो. २००५ नंतरच्या त्या भयंकर वर्षांत राज्यभर बारा-बारा तास भारनियमन होतं आणि मुंबईला त्याची झळ लागू दिली नाही, तेव्हा लवचीक कोण होतं? पाच एचपीची मोटर असलेला माणूस अंधारात उठून ग्रिडचा तोल सांभाळतो, त्याबद्दल त्याला कुणी लवचीकतेचा मोबदला दिलेला नाही. आणि जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांनी वर्षातून काही तास आपला वेग कमी करावा म्हटलं, की 'गुंतवणुकीचं वातावरण' बिघडतं.

सौर कृषिवाहिनी योजनेचं १६ हजार मेगावॉटचं उद्दिष्ट पुरं झालं तर भावाला दिवसा वीज मिळेल. त्याच्या रात्री सुटतील याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्याच्या मोकळ्या झालेल्या रात्री लगेच कुणीतरी आयत्या भरून काढायला टपलंय, आणि त्या रात्रीखाली तेच कोळशाचं केंद्र जळत राहणार आहे, हेही मी बघतोय.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट राहिली. अडचणीच्या तासात भार सोडा म्हटल्यावर ऐरोली-महापे-रबाळेत शेकडो डिझेल जनरेटर धडधडू लागले, तर आपण आगीतून फुफाट्यात. तेव्हा सोडलेला भार बॅटरीवर जावा किंवा काम खरंच थांबावं, डिझेल फक्त खऱ्या अंधारासाठी. आणि उलटाही धोका आहे. १० जुलै २०२४ रोजी उत्तर व्हर्जिनियात एका वाहिनीवर बिघाड झाला आणि साठ डेटा सेंटरांनी एकाच वेळी ग्रिडचा हात सोडून आपापली बॅकअप यंत्रणा धरली. क्षणात दीड हजार मेगावॉट भार नाहीसा. तिथं ग्रिड अवाढव्य आहे, चालकांनी सांभाळून घेतलं. चार हजार मेगावॉटच्या मुंबईच्या दारात असा झटका बसला तर काय होईल, हे १२ ऑक्टोबरचा अनुभव घेतलेल्यांना समजावून सांगायला नको. तेव्हा लहानसहान हेलकाव्याला तारेवरून उडी मारायची नाही, ही अट जोडणीच्या करारातच हवी.

या सगळ्यासाठी नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाला ग्राहकांचे वर्ग ठरवायचे अधिकार आहेत. डेटा सेंटरं आज उद्योगांच्या वर्गात बसतात. पन्नास-शंभर मेगावॉटच्या वरच्यांचा वेगळा वर्ग करता येईल: तासागणिक हरित विजेचा पुरावा, मागितलेल्या क्षमतेची बारा वर्षांची हमी, अडचणीच्या तासांत सोडायचा ठरलेला भार, आणि प्रत्येक केंद्र दर तासाला किती वीज घेतं त्याचा उघडा आकडा. शेवटचं आजच करता येण्यासारखं आहे. भावाच्या गावात कुणाच्या मोटरला किती बिल थकलं हे चावडीवर सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्या गच्चीसमोरची इमारत किती युनिटं घेते हे मला कुणी सांगत नाही.

दरवाढीच्या याचिकांवर आयोग जनसुनावणी घेतो आणि त्याआधी सूचना-हरकती मागवतो. त्या मराठीतून देता येतात, वकील लागत नाही. पुढच्या वेळी मी एक पान लिहून देणार आहे. भावाला म्हटलं, तूही सही कर. तो म्हणाला, "करतो, पण दुपारी पाठव. या आठवड्यात रात्रीची आहे."